नवाबाचे ताट

प्रिय माधवा,

मायना लिहिताना हात सवयीने ‘चिरंजीव’ या शब्दाकडे वळला आणि मध्येच थांबला. धाकट्या भावाला इतकी वर्षे हाच मायना लिहीत आले. आता तो लिहिता येत नाही, आणि त्याच्या जागी काय लिहावे हे मला कोणी शिकवलेले नाही. म्हणून नुसते ‘प्रिय’ लिहिले आहे. आशीर्वाद मात्र पूर्वीचेच समज.

उद्या सकाळी वैदेही दवाखान्यातून घरी येते आहे. तुझी लेक आई झाली, माधवा! मुलगी झाली. कपाळ थेट तुझे, रुंद, आणि रडू लागली की मधोमध आठी. तुझी नलू सकाळपासून पाळणा पुसते आहे; पुसून झाला की पुन्हा पुसते आहे. आणि मी ओसरीवर तुझ्या खुर्चीत बसून तुला लिहिते आहे, कारण एका प्रश्नाचा निकाल मला आज सायंकाळच्या आत द्यायचा आहे आणि तो तुझ्याशी बोलल्यावाचून देता येत नाही. तुझा नवाब उद्या या घरात असावा की नसावा? जावईबापूंनी शब्द दिला आहे, “आत्या, तुम्ही म्हणाल तसं.” पेडगावच्या शेतावरचा मारोती तयार आहे, निरोप गेला की तो टेम्पो घेऊन येईल. एवढ्या लोकांनी माझ्या शब्दावर विसंबावे असे मी काय वाचले आहे, कोण जाणे!

तू नवाबाला आणलेस तो दिवस मला लख्ख आठवतो. मी जिंतूरहून परभणीला आले होते. तू पुठ्ठ्याच्या खोक्यातून एक तांबूस गोळा उचललास आणि मोठ्या दिमाखात याच ओसरीवर ठेवलास. त्याने पहिले काम कोणते केले? ओसरी ओली केली.

“अक्का, हा लॅब्राडोर. लेकरांत रमणारा वाण. चावणं याच्या रक्तातच नाही.”

“रक्तातलं ठाऊक नाही रे, पोटात बरंच होतं असं दिसतंय.”

“हस तू. आई-बाप दोन्ही डोळ्यांनी बघून आणलाय. बी शुद्ध असलं की पुढचं ठरलेलंच असतं.”

“आणि जमीन? तिचं काहीच चालत नाही?”

“चालतं की. पण लय नाही.”

लय नाही! तुझे सारे आयुष्य ज्वारी-सोयाबीनच्या वाणांत गेले, माझे पोथ्यांत. पण हा वाद आपल्या दोघांपेक्षा फार जुना. बीज श्रेष्ठ की क्षेत्र, यावर शास्त्रकारांनी केवढा खल केला आहे! एक म्हणतो, आंब्याच्या कोयीतून आंबाच येणार. दुसरा म्हणतो, खडकावर टाकून पाहा बरे. तू बीजाचा वकील, मी क्षेत्राची. चहा निवेपर्यंत आपण भांडत असू आणि नलू आतून ओरडत असे, “तुमचं बी राहू द्या, बिस्किटं त्यानं पळवली!”

मार्गशीर्षात, स्नान करून कपाळाला गंध लावता लावता, तू गेलास. त्याविषयी आज लिहीत नाही. तुझ्या तेराव्याविषयी लिहिते, कारण प्रश्न तिथे सुरू झाला.

त्या दिवशी रीतीप्रमाणे गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा घास काढला. नलू म्हणाली, “कुत्र्याचा घरातल्यालाच द्या. त्यानंही चार दिवस नीट खाल्लं नाही.” अंगणात पत्रावळ ठेवली. नवाबाने तोंड घातले न घातले तोच गुरुजींच्या ध्यानात आले की पानावर तूप वाढायचे राहिले. बिनतुपाचे पान कसे चालावे? ते वाकले आणि पत्रावळ आपल्याकडे ओढू लागले.

नवाबाच्या छातीतून जो आवाज निघाला तो मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. दात गुरुजींच्या मनगटाला लागले. रक्त आले नाही. पण गुरुजी जे मागे सरले ते थेट तुळशीवृंदावनाला टेकले, हातातली तुपाची वाटी तशीच सरळ धरून. त्यांच्या निष्ठेचे मला कौतुक वाटले.

“लॅब्राडोर म्हणत होते ना हो माधवराव?” कोणी तरी कुजबुजले.

“बियाण्यातच भेसळ असंल!” तुझ्या कचेरीतला एक जुना सोबती बोलला, आणि तेराव्याच्या अंगणात लोक हसले. माझ्याही ओठांवर हसू आले, लपवत नाही. तुलाही आले असते.

जावईबापू मात्र हसले नाहीत. वैदेहीला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकले, “हा कुत्रा इथं राहणार असेल तर बाळंतपण आमच्याकडंच करू.” नलूचा चेहरा मी पाहिला. नवरा गेला, आणि आता लेकीचे पहिले बाळंतपणही हातचे जाणार! मारोती पुढे झाला. “मी नेतो की त्याला, अक्का. शेतातल्या आखाड्यावर बांधून टाकू. साखळी हाय माझ्याकडं.”

साखळी! ज्याच्या गळ्यात तू कधी पट्टा घट्ट होऊ दिला नाहीस, त्याला शेतातल्या गोठ्यापाशी साखळी.

मी म्हणाले, “वैदेही सातव्या महिन्यात येईल, तोवर मला वेळ द्या.” सगळ्यांना वाटले, अक्काला दया आली. दयाही असेल, पण आधी आले ते कुतूहल. जो प्राणी घासाघासाला शेपूट हलवतो तो घासासाठीच दात का दाखवतो? जिंतूरच्या घराला कुलूप लावून मी इथेच राहिले.

ज्ञानाची साधने कोणती, हे आपल्या तर्कशास्त्राने फार नेमके सांगितले आहे. ऐकलेले, ताडलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले. नवाबाविषयी या घरात ऐकलेले उदंड होते. वाण असा, वाण तसा. ताडलेलेही होते, कारण प्रत्येक पाहुणा ताडूनच जात होता. पाहिले मात्र कोणी नव्हते. म्हणून मी पाहू लागले. रोज सकाळी जप आटोपला की ओसरीवर बसायचे आणि एका कुत्र्याकडे पाहायचे. या वयात हा अभ्यास! नलूला वाटले, मी तुझ्या आठवणीत बसते. तेही खोटे नव्हते.

पहिली गोष्ट तुझ्या बाजूची निघाली, ऐक. नवाब वस्तू आणून देतो. चप्पल, झाडू, वर्तमानपत्र, जे तोंडात मावेल ते उचलतो आणि माणसाच्या हातात आणून ठेवतो. एकदा माझी तुळशीची माळ पाटावरून खाली पडली. मी ‘अरे, अरे’ म्हणेपर्यंत ती त्याच्या तोंडात! मी हात पुढे केला. त्याने ती माझ्या ओंजळीत सोडली. ओली होती, पण एकाही मण्यावर दाताचा ओरखडा नव्हता. (माळ धुतली, पुन्हा धुतली, तरी मनाचे समाधान होईना, शेवटी दुसरी घेतली. सोवळ्यात मी अजूनही त्याला शिवू देत नाही. हस खुशाल.) हे त्याला कोणी शिकवले? कोणीच नाही. तसेच पाण्याचे. पेडगावच्या हौदाशी पहिल्यांदा नेले, तर मागेपुढे न पाहता उडी! पाठीशी अनेक पिढ्यांची वासना असावी तशी.

उलट फाटकापाशी बसणारी भुरी पाहा, आपल्या गल्लीतली गावठी कुत्री. तिच्यासमोर काही फेकले तर ती माझ्याकडे अशी पाहते की जणू म्हणते, तुम्हीच टाकलंत, तुम्हीच आणा. पण अनोळखी पाऊल वाजले की गल्ली डोक्यावर घेते. नवाब अनोळखी माणसालाही चप्पल आणून देतो. तेव्हा वाणाचे काही चालते, माधवा. मी क्षेत्राची वकील असून कबूल करते.

पण आता गुरगुरण्याकडे ये. मी स्वतःशी म्हटले, उपासमार सोसलेले जनावर ताटाला जपत असेल. मग भुरीने जगाला फाडून खायला हवे! तिने तर जन्मभर उकिरडेच धुंडाळले. तरी ती शेजारच्या लेकरांच्या हातून भाकरी घेते आणि अर्ध्यात ओढून घेतली तरी नुसती वाट पाहते. ताडलेले इथे आडवे झाले.

या दिवसांत शेजारच्या सुजाताबाई रोज येत. तुझ्या ओळखीच्याच; शाळेतून निवृत्त झाल्या, आता विहारात मुलींना शिकवतात. मी त्यांना माझा सगळा खटाटोप सांगितला. एकाच वाणाचे सगळे सारखे निघतात का, जन्माने स्वभाव किती ठरतो, असे मी बोलत सुटले होते. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि हसून म्हणाल्या, “अक्का, जन्मावरून स्वभाव ठरवायची हौस आपल्याला कुत्र्यापासून लागली का कुत्र्याला आपल्यापासून?”

त्या टोचून बोलल्या नव्हत्या. तरी ते मला लागले. समदृष्टीवर मी किती प्रवचने केली असतील! त्या दिवसापासून ‘लॅब्राडोर असा असतो’ असे वाक्य तोंडाशी आले की मी ते गिळू लागले आणि ‘नवाब आज असा वागला’ असे म्हणू लागले. तुला सांगते, हे फार अवघड पथ्य आहे. करून पाहायला हवे होतेस.

मग एक योग आला. घर झाडायला म्हणून मी जिंतूरला गेले, तेव्हा कळले की नवाबाचा सख्खा भाऊ, त्याच वेताचा, तिथे औषधांच्या दुकानदारांकडे आहे. तूच दोन्ही पिल्ले पाहून एक निवडले होतेस म्हणे! एकच बी, दोन शेते. मी तशीच त्यांच्या दारी जाऊन उभी राहिले. त्या घरची सून चकित झाली. “अक्का, तुमी? अन् कुत्रं बघायला?”

तो भाऊ मला पाहताच पलंगाखाली शिरला. एवढा थोरला देह, आणि शेपटीचे टोक तेवढे बाहेर! तो पाहुण्यांना भितो. नवाब नाही भीत. पण थोड्या वेळाने तो बाहेर आला, आणि त्याच्या तोंडात काय होते? माझी चप्पल! मला टाळी वाजवावीशी वाटली. आणणे दोघांत आहे, भिणे एकात आहे, गुरगुरणे दुसऱ्यात. जे दोघांत समान ते बीजाकडे जाऊ द्यावे. जे वेगळे त्याचे कारण दुसरीकडे शोधावे.

“हा ताटापाशी गुरगुरतो का ग?” मी विचारले.

“न्हाई बा.”

“कोणी ताट ओढलं तर?”

“ताट कशाला ओढंल कुणी?” ती माझ्याकडे पाहतच राहिली. “तो खायलाय, खाऊ द्या की त्याला.”

बसमधून परतताना ते साधे वाक्य माझ्या मनातून जाईना. ताट कशाला ओढेल कुणी? नवाब चप्पल देतो, माळ देतो, तोंडातला चेंडू देतो. हातात अलगद सोडतो. एक ताट तेवढे सोडत नाही. मग त्याचे ताट कोणी ओढले होते?

घरी आल्यावर मी नलूला हेच विचारले. ती भाजी निवडत होती. हात थांबले, पण तिने मान वर केली नाही.

“अक्का, एक सांगू? रागावणार नाही ना? गेलेल्या माणसाचं असं...”

“सांग ग.”

“पाहुणे आले की हे त्याचं ताट मधूनच उचलायचे. त्यांना दाखवायचे, बघा, गुरगुरला का? वाणच तसा आहे. सगळे वाहवा करायचे. मग ताट परत ठेवायचे. परत कुणी आलं की परत उचलायचे.”

“आणि नवाब?”

“आधी शेपटी हलवायचा. मग नुसता बघत राहायचा. मग गपागपा खायला लागला. कुणी येताना दिसलं की अजूनच गपागपा. मी म्हटलं होतं हो एकदा, जेवताना तुमचं ताट कुणी ओढलं तर? तर म्हणाले, मी लॅब्राडोर नाही.”

आम्ही दोघी हसलो, माधवा. हसता हसता ती रडू लागली आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. इतके महिने ती हे पोटात घेऊन होती. तुझ्या नावाला उणेपणा येऊ नये म्हणून तिने सारा दोष त्या मुक्या जनावरावर जाऊ दिला. आणि तोही तिला सहन होत नव्हता.

आता तुझ्यावर थोडे रागावू का? अरे, तू गावोगाव शेतकऱ्यांना बजावत असायचास, पेरल्यावर रोज माती उकरून बी उगवले का ते पाहू नका. आणि स्वतःच्या अंगणात काय करत होतास? ज्या सुशील स्वभावाचा तुला एवढा अभिमान, त्यालाच उकरून उकरून दाखवीत होतास! तुला वाणावर इतका विश्वास होता की समोर उभ्या असलेल्या जीवाचे तोंड पाहायचे राहून गेले. शेपूट हलायची थांबली, ते तुला दिसले नाही का? की दिसले, आणि पाहुण्यांच्या समोर कळले नाही असे दाखवलेस?

उत्तर येणार नाही, ठाऊक आहे. तरी विचारते. तुझ्यात कठोरपणा नव्हता. तुला त्याची थोरवी सगळ्यांना दाखवायची होती, आणि तीच त्याला महागात पडली.

मग आम्ही त्याला परभणीतल्याच जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. तरुण मुलगी होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “वाणावरून थोडंफार कळतं, आजी, पण याचं काय करायचं ते यालाच बघून ठरवावं लागतं. आता उलट करा. तो खात असताना काही घ्यायचं नाही. लांबूनच, ताटात आहे त्याहून चांगलं काही टाकायचं आणि निघून जायचं.”

एवढेच! द्यायचे आणि मागे वळून न पाहता निघून जायचे. निष्काम दानाचा इतका सोपा पाठ मला कोणी घालून दिला नव्हता. मी पहिल्या दिवशी तुळशीपाशी उभी राहून तूप लावलेला भाकरीचा तुकडा टाकला. तो गुरगुरला. मी निघून आले. नलूने टाकला. गुरगुरला. तीही निघून आली. कितीतरी दिवस आमचे हेच चालले. मग तो गुरगुरेनासा झाला. मग माझी पावले वाजली की ताटातून मान वर करून वाट पाहू लागला. वैशाखात एके सकाळी मी अगदी जवळ गेले, तर त्याने ताट सोडले, एक पाऊल मागे झाला आणि शेपूट हलवली. तीच, तुझ्या पाहुण्यांपुढे हलायची थांबलेली! मी देवघरात जाऊन बसले. काय म्हणून बसले ते सांगता येत नाही.

वैदेही आली तेव्हा जावईबापूंनी हे सारे स्वतः पाहिले. तरी त्यांनी विचारायचे ते विचारलेच, आणि बापाने विचारायलाच हवे. “आत्या, उद्या तो लेकराला काही करणार नाही, याची गॅरंटी तुम्ही देता का?”

मी म्हणाले, “वाणाची देत नाही. आणि माझ्या शिकवणुकीचीही देत नाही.”

ते गोंधळले. “मग?”

“मग दार लावून घेऊ,” मी म्हणाले.

तोच माझा निकाल आहे, माधवा. तुला लिहिता लिहिता पक्का झाला. नवाब या घरात राहील. मारोतीला निरोप जाणार नाही. नवाबाचे जेवण मागच्या अंगणात होईल आणि तो जेवत असेल तोवर मधले दार बंद राहील. मोठे माणूस जवळ नसताना बाळ आणि तो एका खोलीत असणार नाहीत, एक क्षणही नाही. तो कितीही गोड दिसो आणि लोक त्याच्या वाणाविषयी काहीही सांगोत. ती रांगू लागली की मी जिंतूरचे घर पुन्हा बंद करून येईन आणि दाराशी बसेन. हा त्याच्यावरचा अविश्वास नव्हे. ज्याला आपण पुरते ओळखत नाही हे आपल्याला कळले आहे, त्याच्याशी वागायची ही रीत आहे. आणि पुरते आपण कोणाला ओळखतो?

बीज किती, क्षेत्र किती? मला वाटले होते, तुला हरवून उत्तर लिहीन. तसे झाले नाही. चप्पल आणणे तू जिंकलास, ताट मी जिंकले. आणि तो जिंतूरचा पलंगाखालचा भित्रा आपल्या दोघांच्याही हाती लागला नाही. त्याचे भय ना आई-बापांकडून आलेले दिसते, ना त्या घरातून. ते त्याचेच असावे. हे तिसरे काय आहे, ते शास्त्राला ठाऊक असेल. मला अजून शोधायचे आहे. तू असतास तर चहा दोनदा निवला असता.

नलू हाक मारते आहे. पाळण्याची दोरी लांब झाली की आखूड, ते बघायला. उठते.

तुला वचन देते. तुझ्या नातीला नवाब कोणत्या वाणाचा आहे, हे कळेल तेव्हा कळो. त्याआधी, तिला पाय फुटायच्या दिवसांत, तिचे बोट धरून मी मागच्या अंगणात नेईन आणि दुरून दाखवीन, की तो जेवतो आहे, आपण त्याच्या ताटाला हात लावायचा नाही.

तुझी,
अक्का